कानाची फाईल

राहनाळ,
बुधवार, दुपार

ती. सौ. जानकीताईस,

धाकट्या केसरीनाथचा साष्टांग नमस्कार. दाजींनाही सांग, आणि त्यांचा गुडघा आता जिना चढू देतो का ते कळव. इकडे आईची तब्येत उत्तम आहे. काल तिने एकटीने सगळी सुकट निवडली आणि निवडता निवडता घरातल्या प्रत्येकाला नावं ठेवली, तेव्हा काळजीचं कारण नाही. तुझी वहिनी बरी, करिष्मा बरी. मीही बरा असंच लिहिणार होतो, पण त्यात थोडी भानगड आहे, ती पुढे येईल. पाकीट पाहून तू आधी पाठवणाऱ्याचं नाव वाचलं असशील. आपल्याकडे हल्ली पत्र येतं ते वकिलाचं. पण घाबरू नकोस, यात जमिनीचं काही नाही आणि कुठेही सही करायची नाही. (मोबाईलवर लिहिलं असतं तर ते दाजींच्या फोनवर गेलं असतं, आणि दाजी ते ओटीवर बसून मोठ्याने वाचतात. म्हणून कागद.)

विषय करिष्माच्या फॉर्मचा आहे. नीटच्या परीक्षेत तिला मार्क बरे पडले, पण मोठ्या डॉक्टरकीला पुरतील इतके नाहीत. ते दुःख घरात एक संध्याकाळ चाललं आणि रात्रीच्या जेवणाला संपलं, कारण बोंबलाचं कालवण होतं. आता ती दोन गोष्टींत अडकली आहे. एक फिजिओथेरपी, म्हणजे आखडलेली माणसं हलती करायची. दुसरी ऑडिऑलॉजी, म्हणजे कान तपासायचे, ऐकायचं यंत्र बसवायचं, बोलायला न येणाऱ्या मुलांना बोलतं करायचं. दोन्हींची कॉलेजं एकाच फॉर्ममध्ये, एकाखाली एक टाकायची असतात, आणि जे वर टाकशील ते आधी मिळतं. शनिवारी मुदत संपते. एकदा ‘लॉक’ केलं की ब्रह्मदेवाच्या बापालाही ते उघडता येत नाही, असं सायबर कॅफेवाला म्हणतो. पोरीला दोन्हींचं वेड आहे. लग्नात पंगत बसली की ही जेवण सोडून लोकांची चाल बघते आणि मला कोपरखळी मारून सांगते, त्या काकांचा डावा खुबा गेला. आणि अकरावीत तिने निजामपुऱ्यात गल्लीगल्लीत फिरून पावरलूमचा आवाज मोजला होता, त्याची वही अजून उशाशी आहे. महिनाभर ती सकाळी फिजिओ वर टाकते आणि संध्याकाळी ऑडिओ. शेवटी दमून म्हणाली, पप्पा, तुम्ही सांगाल ते पहिलं टाकते.

आता हे तिने कुणाला सांगितलं, ते बघ. माझा स्वभाव तू ओळखतेस. भोपळा घ्यायचा तरी मी देठ बघून, ठोकून, मागच्या भोपळ्याची चौकशी करून घेतो. मग पोरीचं अख्खं आयुष्य मी कॉलेजचं रंगीत पत्रक वाचून ठरवू? आधी घरात विचारलं. आई म्हणाली, “पोरीला लोकांचं पाय चेपाला शिकवाचं हाय तं मी घरातच हाय की.” वहिनीला ऑडिओ हा शब्द फक्त हळदीतल्या डीजेमुळे ठाऊक, त्यामुळे पोर स्टेजवर मोठे बॉक्स लावणार या काळजीने तिला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. (तिचा गैरसमज मी दूर केला, पण तोवर आपल्या भाविकने, त्याचा डीजे आहेच, करिष्माला सीझनला कामावर घ्यायची तयारीही दाखवली होती.) चांगदेवला विचारलं. तो माझा कारखान्यातला जुना सोबती, त्याने दोन्ही हात हलवून, ज्यात गर्दी जास्त ते घे, असं सांगितलं. यातून काही निघेना. तेव्हा मी ठरवलं, दोन्ही दुकानांत गिऱ्हाईक म्हणून जायचं. खोटं दुखणं सांगायचं, आत बसायचं, आणि हे लोक दिवसभर नेमकं करतात काय, चिडतात किती, हात स्वच्छ धुतात का, हे डोळ्यांनी बघायचं. घरी कुणाला बोललो नाही.

सोमवारी फिजिओ. कल्याण नाक्याजवळ डॉ. आल्हाद म्हणून तरुण पोरगा आहे, दाढी राखलेला, बोलायला गोड. त्याला मी सांगितलं कंबर दुखते. (कंबर लोखंडाची आहे, देवाची कृपा.) कधीपासून, विचारलं. मी म्हटलं, शुक्रवारपासून. काय उचललं होतं, विचारलं. याची तयारी मी केली नव्हती, म्हणून तोंडाला आलं ते सांगितलं, फ्रीज. एकट्याने? एकट्याने. त्याने माझ्याकडे जरा आदराने पाहिलं आणि पलंगावर पालथं झोपवलं. त्या पलंगाला तोंडाच्या जागी भोक असतं, त्यातून खालची फरशी दिसते आणि डॉक्टरच्या चपला. मी मोठ्या उत्सुकतेने चपला बघत होतो. तो कमरेवर कुठेतरी दाबत होता. बरं वाटत होतं. मग जोरात दाबायला लागला. मग आणखी जोरात. मला वाटलं, हीच पद्धत असेल. मी दात आवळून गप्प. शेवटी त्याने कोपर रोवलं तेव्हा माझ्या डोळ्यांतलं पाणी त्या भोकातून थेट त्याच्या चपलेवर पडलं, आणि चपला घाईने माझ्या तोंडासमोर आल्या. तो वाकून मला विचारत होता, काका, मी चार वेळा विचारलं, दुखतंय का, दुखतंय का, तुम्ही बोलत का नाही? मला वाटलं दुखत नाही म्हणून मी जोर वाढवत गेलो.

ताई, मी काय सांगू त्याला? मी ते विचारणं ऐकलंच नव्हतं. पंखा चालू होता, असं म्हणालो. पंखा बंद होता. मग त्याने मला बसवलं आणि कंबर सोडून माझी मान बघत राहिला. म्हणाला, तुमची कंबर ठणठणीत आहे, फ्रीज बिनधास्त उचला. पण कुणी बोललं की तुम्ही मान पुढे काढून त्याच्याकडे अख्खे वळता, तिथे स्नायू दगड झालाय. एकदा कान दाखवा. मी मनात म्हटलं, हा आपलं गिऱ्हाईक दुसऱ्या धंद्याकडे पाठवतो म्हणजे भला आहे. करिष्माच्या बाजूने मी फिजिओला दहापैकी आठ मार्क दिले. (दोन कोपरामुळे कापले.)

मंगळवारी मानकोलीच्या फाट्याजवळ कानवाल्या बाईंकडे. वल्लरी मॅडम नाव. तिथे मी जरा जास्तच हुशारी केली. आदल्या दिवशी उत्तरं देताना अडलो होतो म्हणून इथे ठरवलं, ठार बहिऱ्याचं सोंग घ्यायचं. गेलो आणि कानाला हात लावून ओरडलो, अजिबात ऐकायला येत नाही. मॅडमने शांतपणे विचारलं, कधीपासून? मी ताबडतोब म्हटलं, दोन वर्षं. काम काय करायचात? मी म्हटलं, बावीस वर्षं निजामपुऱ्यात पावरलूम चालवले, बारा लूम, आता ते भंगारात गेले आणि जागेवर गोडाऊन आहे. इतक्या खणखणीत उत्तरांवर बहिरेपणाचं सोंग टिकत नाही, हे मला दुसऱ्याच उत्तराला कळलं. मॅडम हसली. मग तिने टेबलावरची फाईल उचलून तोंडासमोर धरली. तिचे डोळे दिसत होते, फाईल दिसत होती, भिंतीवर कानाचं चित्र दिसत होतं. थोड्या वेळाने तिने फाईल खाली घेतली आणि म्हणाली, मी तुम्हाला पाच गावांची नावं सांगितली, एकही कळलं नाही का? मला वाटलं होतं ती फाईल वाचतेय.

मग मला एका काचेच्या खोलीत बसवलं. आपल्या जुन्या घरातलं देवघर होतं तेवढी, आतून गादी लावलेली. डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सोंग चालूच ठेवायचं म्हणून मी ठरवलं की आवाज येतील तेव्हा दाबायचं नाही. आले, जाडजाड घुमणारे आवाज आले, नाही दाबलं. मॅडमने दार उघडून सांगितलं, काका, हे यंत्र खोटं पकडतं, आता खरं दाबा. मी ओशाळून खरं दाबायला बसलो. जाड आवाज आले, दाबलं. मधले आले, दाबलं. मग सगळं थांबलं. मी बटणावर अंगठा ठेवून वाट बघतोय. बराच वेळ गेला. काचेतून मॅडम काहीतरी फिरवताना दिसत होती. मला वाटलं लाईट गेली. आपल्याकडे काय नवल? मी दार ढकलून बाहेर आलो आणि विचारलं, मॅडम, लाईट कधी येते इकडे? ती म्हणाली, लाईट आहे, काका. बारीक आवाज चालू आहेत. शेवटचा तर मी पूर्ण मोठा केलाय.

तिने कागद दाखवला. त्यावर एक रेघ आधी सरळ चालते आणि मग पुलावरून उतरल्यासारखी खाली जाते. दोन्ही कानांची सारखीच. हे लूमच्या आवाजाने होतं म्हणाली, आणि हळूहळू होतं म्हणून माणसाला कळत नाही. मी हटून म्हटलं, मग मला तुमचं सगळं कळतंय ते कसं? ती म्हणाली, तुम्ही माझं बोलणं ऐकत नाही आहात, बघत आहात. ताई, मला घरी आल्यावर ते पटलं. कारखान्यात बारा लूम खडखडत असताना कोण कुणाचं ऐकणार? आम्ही सगळे तोंडं आणि हात बघूनच बोलायचो. चांगदेव त्या टोकाला, मी या टोकाला, आणि मधे धागा तुटल्यापासून त्याच्या पोरीच्या स्थळापर्यंत सगळं बोलणं व्हायचं. एक कारीगर होता गोरखपूरचा, तो म्हणायचा, “सेठ, यहाँ कान घर पे रख के आने का.” तेव्हा मी हसायचो. हळदीच्या मांडवात भाविकचे बॉक्स छाती फोडत असतात आणि कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, तेव्हा मी एकटा लांबच्या माणसाशी निवांत गप्पा मारतो, आणि सगळे म्हणतात, केसरीनाथचे कान म्हणजे कान. मलाही तो अभिमान होता. मांडवात सगळेच माझ्यासारखे होतात एवढाच त्याचा अर्थ.

आता जे लिहितो ते मला तोंडाने बोलता आलं नसतं. गेली दोन वर्षं तू फोन केलास की मी वहिनीच्या हातात देतो, किंवा उचलतच नाही. तू बोलून पाठवलेले ते लांब लांब निरोप, ते मी उघडतो, कानाला लावतो, आणि पाणी वाहतंय एवढंच कळतं. फोनला तोंड नसतं, ताई. मला वाटायचं, रेंज नाही, फोन जुना झाला. दोन फोन बदलले. गणपतीला तू आली नाहीस, वहिनीला म्हणालीस की भावाला गोडाऊन झालं आणि बहीण जड झाली. हे मला वहिनीने सांगितलं, समोर बसून, म्हणून कळलं. त्या दिवशी मी जेवलो नाही. पण काय झालंय हे मलाच ठाऊक नव्हतं, मग तुला काय सांगणार? तू जड झाली नाहीस. तुझा आवाज बारीक आहे, एवढंच झालं आहे.

आता खरी अडचण ऐक. मॅडमकडून निघताना मी जिन्यात उभा राहून हिशेब केला की करिष्माला हे कळलं तर काय होईल. ती फॉर्मवर डोळे मिटून ऑडिओ पहिलं टाकेल. बापाचे कान गेले म्हणून. पुढची चाळीस वर्षं ती माझ्या कानाची सेवा म्हणून नोकरी करील, आणि एखाद्या दिवशी रस्त्याने लंगडत जाणारा माणूस दिसला की गप्प होईल. आणि मी ऑडिओ टाक म्हटलं तर ते माझ्या स्वार्थाचं. फिजिओ टाक म्हटलं तर त्या वल्लरी मॅडमवर अन्याय, कारण खरं सांगतो, तिचं काम बघून मी थक्क झालो. माझ्यानंतर चार वर्षांचं एक पोर आलं होतं. त्याच्या कानाला यंत्र लावून तिने मागून डबा वाजवला, आणि ते पोर वळलं. फक्त वळलं, बाकी काही नाही. त्याची आई रडायला लागली आणि मीही उगीच चष्मा पुसत बसलो. दहापैकी दहा दिले, आणि तिथेच फसलो. आठ आणि दहा हे मार्क पोरीला सांगायचे तर कान सांगावे लागतात.

म्हणून कानाची फाईल मी गोडाऊनच्या ऑफिसात कुलपात ठेवली आहे. मशीन मॅडमने लावून बघा म्हटलं होतं, ते शनिवारनंतर, असं सांगून आलो. घरात मी नेहमीसारखा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत फिरतो आहे, फक्त आता मला माहीत आहे की मी बघतो आहे, त्यामुळे फार दमायला होतं. आई पान खात बोलते, तिचं निम्मं कळत नाही. वहिनी भांडी घासताना बोलते, ते सगळंच जातं. (काही बाबतीत सोयीचं आहे.) माझं तुझ्यापाशी मागणं एवढंच, की तू शुक्रवारी करिष्माला फोन कर. ती तुझ्याशी मोकळी बोलते. माझ्या कानांचं अवाक्षर न काढता तिला विचार, बापाने काही सांगितलं नसतं तर तू कोणतं वर टाकलं असतंस? आणि ती सांगेल तेच टाक म्हण. पोर जे बघताना भूक विसरते तेच तिने करावं, मग लोकांच्या चपला बघायला लागल्या तरी चालतील.

दाजींना गुडघ्यासाठी डॉ. आल्हादकडे घेऊन ये. फक्त दुखलं की लगेच बोलायला सांग. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि तुला काय लिहू, राग सोडून ये.

तुझा,
केसरीनाथ

ता. क. व्हिडिओ कॉल केलास तर मी नक्की घेईन. पण तू फोन मांडीवर ठेवतेस आणि मला तुमच्या हॉलचा पंखा दिसतो. पंख्याला ओठ नसतात. फोन समोर धर, तोंडात पान नको, आणि दाजींना मधे बोलू देऊ नकोस.

ता. क. दुसरी. बुधवार, संध्याकाळ. वरचं मागणं रद्द समज, उशीर झाला. मी मघाशी स्वयंपाकघरात चहाची वाट बघत बसलो होतो. करिष्मा ओट्याकडे तोंड करून चहा ढवळत होती आणि तिची वेणी हलत होती, म्हणजे ती बोलत होती. बरंच बोलली. मग थांबली, म्हणजे काहीतरी विचारलं असावं. मान वळवायला सांगितली असती तर कान उघडे पडले असते. म्हणून मी माझ्या बाजूने जी सगळ्यात सुरक्षित ती दोनच अक्षरं बोललो. ती वळली, मला चहा दिला, बाहेर गेली, आणि पाच मिनिटांनी वहिनी सांगत आली की पोरीने फॉर्म लॉक केला, तुम्ही होकार दिलात म्हणे. ताई, दोन दवाखाने हिंडलो, कोपर खाल्लं, खोटं बोललो, आणि आता माझी मुलगी कशाला निघाली आहे ते मला माहीत नाही. विचारायची सोय नाही, कारण परवानगी मीच दिली. तेवढं तिच्याकडून काढून घे आणि मला लिहून कळव. कुरियर उद्या सकाळी जाईल.

आत्या,

तुझा नवा पत्ता माझ्या फोनमध्ये होता म्हणून पप्पांनी पाकीट माझ्याकडे दिलं, पत्ता लिही आणि चिकटव म्हणाले. चिकटवण्याआधी मी वाचलं. त्याबद्दल तू रागाव, पण त्यांना सांगू नकोस, मी स्वतः सांगणार आहे.

ओट्यापाशी मी काय बोलले ते लिहिते. मी म्हणाले, “पप्पा, तुम्हाला ऐकायला येत नाय हे मला सातवीपासून माहीत हाय. म्हणून मी समोर येऊनच बोलते. ऑडिओ मी तुमच्यासाठीच वर टाकत होते, पण मला फिजिओच आवडतंय, तेच पहिलं टाकू का? कानांसाठी सोमवारी आपण मशीन लावायला जाऊ, आणि तुम्ही नाय म्हणायचं नाय.” आठवडाभर हे तोंडावर बोलायचा धीर होत नव्हता, म्हणून पाठ करून एकदा बोलून बघितलं. त्यांना कळणार नाही हे मला ठाऊक होतं.

पप्पा म्हणाले, “बरं.”

करिष्मा